नखुरडे आणि कर्करोग : चिंचणी-तारापूरच्या निमित्ताने एका रोगाच्या इतिहासाचा विचार

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील चिंचणी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथम परिचित होते ते तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. राष्ट्रकूट नृपती तिसरा इंद्र याच्या काळातील, शके ८४८ च्या ताम्रपटात संयान म्हणजे संजाण या मंडळाचा कारभार मधुमती सुगतिप नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचा उल्लेख आहे. चिंचणीला लागूनच असलेले तारापूर मराठ्यांच्या इतिहासात येते ते १७३९ मधील चिमाजी आप्पाच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेल्या किल्ल्यामुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या जोडगावांच्या नावाला एक निराळाच अर्थ प्राप्त झाला. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर येथील अणुविद्युत् केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली आणि पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेला हा किनारा भारताच्या अणुयुगाशी कायमचा जोडला गेला.

अणुकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्या समाजाच्या मनात कर्करोगाची चिंता उद्भवावी हे स्वाभाविक होय. परंतु किरणोत्सर्ग आणि कर्करोग यांचा संबंध मनुष्याला ज्या मार्गाने कळला, तो मार्ग अणुभट्टीपाशी सुरू होत नाही. तो सुरू होतो माणसाच्या बोटांपाशी, आणि पुष्कळ वेळा नखाच्या कडेशी. प्रस्तुत निबंधाचा विषय नखाभोवती होणारा त्वचेचा कर्करोग हा आहे. वैद्यकाच्या दृष्टीने हा रोग विरळा. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व त्याच्या विरळेपणाच्या मानाने फार मोठे आहे. हा रोग दीर्घकाल ओळखला गेला नाही याचे कारण तो दिसत नव्हता हे नव्हे. तो दुसऱ्या, क्षुल्लक नावाने ओळखला जात होता. तो ओळखण्यासाठी ज्यांनी आपली बोटे दिली, त्यांच्या अनुभवातूनच किरणोत्सर्गाच्या संरक्षणाचे आजचे नियम बऱ्याच अंशी घडले.

१. नावाचा पडदा

नखाच्या कडेची त्वचा सुजणे, ठणकणे, तीत पू होणे, या विकाराला मराठीत नखुरडे म्हणतात. सतत पाण्यात हात असणाऱ्यांना तो विशेष जडतो. भांडी घासणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या स्त्रीला नखुरडे होणे ही कोणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. पायाच्या अंगठ्याला ठेच लागून नख काळे पडणे हाही अनवाणी चालणाऱ्यांचा नित्याचा अनुभव. अशा किरकोळ दुखण्यांवर घरगुती लेप, शेक किंवा फार तर चीर देणे एवढ्यावर भागते, आणि बहुधा ते भागतेच. यामुळे नखाभोवतीची न भरणारी जखम ही वैद्याकडे जाण्याजोगी गोष्ट आहे, असा संस्कार समाजाच्या मनावर होण्याचे कारणच उरत नाही.

युरोपातील वैद्यकाची स्थितीही याहून फारशी निराळी नव्हती. नखाखालील काळ्या अर्बुदाचे वर्णन फ्रेंच शल्यविशारद आलेक्सी बॉयर याने १८३४ मध्ये केलेले आढळते. परंतु या रोगाला निश्चित स्थान मिळवून दिले ते लंडनच्या जोनाथन हचिन्सन (१८२८-१९१३) याने. १८८६ मध्ये त्याने जो रोग वर्णिला, त्याला त्याने दिलेल्या नावाचा सरळ मराठी अर्थ 'काळे नखुरडे' असा होतो. हे नाव लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. दिसायला नखुरडे, परंतु वस्तुतः रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचा घातक कर्करोग, हा विरोध त्याने नावातच साठविला. शिवाय हा रोग नेहमी काळाच असतो असे नाही, हेही त्याने त्याच लेखात बजावले. नखाच्या कडेला रंगाची अगदी बारीक रेघ तेवढी असते, आणि पाहणारा सावध नसेल तर ती सहज नजरेतून सुटते. नखातील काळा पट्टा नखामागील वा बाजूच्या त्वचेवर पसरणे, या लक्षणाला आजही हचिन्सनचेच नाव आहे.

हचिन्सनच्या निरीक्षणाची ही सूक्ष्मता ध्यानात घेताना त्याच्या मर्यादेचाही उल्लेख केला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिंदुस्थानात आला होता तो कुष्ठरोगाच्या शोधार्थ. नीट न टिकविलेल्या मासळीमुळे कुष्ठरोग होतो असे त्याचे आग्रहाचे मत होते, आणि ते चुकीचे ठरले. एकाच संशोधकाने लक्षण अचूक टिपावे आणि कारण चुकीचे सांगावे, हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडते. नखाच्या कर्करोगाचे लक्षण त्याने सांगितले. कारणाचा एक मोठा भाग कळला तो मात्र एका नव्या यंत्रामुळे, आणि त्याची किंमत फार जबर होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नखाभोवती होणारे कर्करोग मुख्यतः दोन जातींचे असतात. एक रंगद्रव्याच्या पेशींचा, म्हणजे मेलॅनोमा. हचिन्सनने वर्णिलेला हा होय. तो हाताच्या व पायाच्या अंगठ्यांना विशेष होतो. दुसरा त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा. तो सावकाश वाढतो, चामखिळीसारखा किंवा चिरेसारखा दिसतो आणि वर्षानुवर्षे नखुरडे म्हणूनच उपचारिला जातो. क्ष-किरणांच्या इतिहासाशी ज्याचा निकट संबंध आहे, तो हा दुसरा.

२. क्ष-किरणांपुढे धरलेले हात

विल्हेल्म राँटगेन याला क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. त्यानंतर दीड महिन्याच्या आत त्याने जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, ते त्याच्या पत्नीच्या हाताचे होते. बोटांची हाडे आणि त्यांतील एकीवरची अंगठी त्यात स्पष्ट दिसते. हा योगायोग पुढील घटनांच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरतो. त्या काळच्या नळ्यांतून निघणारे किरण किती भेदक आहेत, हे मोजण्याचे सोयीस्कर साधन उपलब्ध नव्हते. तेव्हा नळीपुढे स्वतःचा हात धरावयाचा आणि पडद्यावर हाडे कशी उमटतात ते पाहून नळीचा गुण ठरवावयाचा, असा प्रघात पडला. वैद्य, छायाचित्रकार, नळ्या बनविणारे कारागीर असे सर्वजण दिवसातून अनेकदा हे करीत. हात हेच मापनाचे उपकरण झाले.

परिणाम दिसण्यास वेळ लागला नाही. प्रथम हाताची त्वचा लाल होई, केस गळत, नखे ठिसूळ होऊन त्यांवर उभ्या रेघा पडत. पुढे नखाभोवती सूज, चिरा, चामखिळी आणि शेवटी न भरणारे व्रण. काही वर्षांनी या व्रणांतून कर्करोग उद्भवू लागला. १९०२ मध्ये हँबुर्ग येथे फ्रीबेन याने क्ष-किरणांमुळे झालेल्या त्वचेच्या कर्करोगाचा पहिला रुग्ण वैद्यांपुढे मांडला. तो रुग्ण वैद्य नव्हता, तर क्ष-किरणांच्या नळ्या बनविणाऱ्या कारखान्यातील कामगार होता, आणि त्याचा रोग हाताच्या मागील बाजूस होता. अमेरिकेत टॉमस एडिसनच्या हाताखाली काच फुंकण्याचे काम करणारा क्लॅरेन्स डॅली नळ्यांची परीक्षा आपल्या हातांवर करीत असे. त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो मरण पावला. डॅलीच्या या दुखण्यामुळे एडिसनने क्ष-किरणांवरील आपले काम सोडून दिले.

वैद्यांचीही तीच गत झाली. फिलाडेल्फियाचा मिहरान कसाबियन याने स्वतःच्या हातांच्या विकृतीच्या नोंदी व छायाचित्रे ठेवली आणि १९१० मध्ये त्याच रोगाने त्याचा अंत झाला. बर्मिंगहॅमच्या जॉन हॉल-एडवर्ड्स याचा डावा हात १९०८ मध्ये कापावा लागला, व उजव्या हाताची बोटेही गेली. दंतवैद्यांच्या बाबतीत रोगाचे स्थान अधिकच नेमके होते. रुग्णाच्या तोंडात फिल्म बोटांनी धरून ठेवावी लागे; त्यामुळे किरणांचा मारा नेमका बोटांच्या टोकांवर होई. न्यू ऑर्लिन्सचा दंतवैद्य एडमंड केल्स याने याच कारणाने प्रथम बोटे, मग हात गमावला आणि असह्य वेदनांनंतर १९२८ मध्ये आत्मघात केला.

१९३६ मध्ये हँबुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात क्ष-किरण व रेडियम यांच्या संशोधनात प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले. आरंभी त्यावर पंधरा राष्ट्रांतील दीडशेहून अधिक नावे होती. पुढे ती साडेतीनशेच्या वर गेली. हे स्मारक आदरणीय आहेच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारावयास हवा. ज्या शहरात हा स्तंभ उभा राहिला, त्याच शहरात चौतीस वर्षांपूर्वी ज्याच्या हातावरून हा रोग प्रथम सिद्ध झाला, तो कारखान्यातील कामगार वैद्यकाच्या ग्रंथांत 'फ्रीबेनचा रुग्ण' म्हणूनच उरला. प्रसिद्धी मिळाली ती रोग सांगणाऱ्याच्या नावाला.

३. मात्रेची मर्यादा आणि बोटांचा अपवाद

या हानीतून संरक्षणाचे नियम निघाले, पण ते हळूहळू. १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये क्ष-किरण व रेडियम यांपासून संरक्षणासाठी समिती नेमली गेली. १९२५ मध्ये मुट्शेलर याने त्वचा लाल होण्यास लागणाऱ्या मात्रेच्या शतांशाइतकी मात्रा महिनाभरात सहन होण्याजोगी मानावी, असे सुचविले. १९२८ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या परिषदेत या कामासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिचेच रूपांतर १९५० मध्ये आजच्या किरणोत्सर्ग-संरक्षण आयोगात झाले. त्वचेचा लालसरपणा हेच आरंभीचे मोजमाप होते, यावरून त्या काळी धोक्याची कल्पना हाताच्या कातडीपुरतीच कशी मर्यादित होती हे दिसते.

१९३४ चा एक तपशील विशेष बोलका आहे. अमेरिकेतील सल्लागार समितीने त्या वर्षी सर्व शरीरासाठी दिवसाला ०.१ राँटगेन ही मर्यादा सुचविली; बोटांसाठी मात्र दिवसाला ५ राँटगेन. म्हणजे ज्या अवयवाने सर्वांत अधिक हानी सोसली, त्यालाच पन्नासपट सूट. यामागे तर्क नव्हता असे नाही. बोटांत रक्त निर्माण करणारी मज्जा किंवा जीवनावश्यक इंद्रिये नाहीत, आणि हाताने करावयाचे काम हात दूर ठेवून होत नाही. तथापि या तर्कात एक गृहीतही दडलेले आहे. बोट गेले तरी माणूस उरतो, हे ते गृहीत. ज्याचे पोट हाताच्या कसबावर अवलंबून आहे, त्या कारागिराच्या दृष्टीने हे गृहीत कितपत मान्य होण्याजोगे होते, असा प्रश्न त्या चर्चेत उपस्थित झालेला दिसत नाही.

पुढे मर्यादा कडक होत गेल्या. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९९० च्या शिफारशींत व्यवसायाने किरणोत्सर्गाशी संबंध येणाऱ्यांसाठी सर्व शरीराची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, तर हात व पाय यांच्यासाठी वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट अशी ठेवली गेली. हातापायांचा स्वतंत्र निर्देश त्यात कायम राहिला. तारापूरसारख्या केंद्रात, जेथे किरणोत्सर्गी वस्तू हाताळण्याचा प्रसंग येतो, तेथे छातीवरील बिल्ल्याबरोबर मनगटावर वा बोटावर निराळे मापक बांधण्याची आवश्यकता निर्माण होते ती याच कारणाने. बोटावरचे हे मापक म्हणजे १८९६ नंतरच्या पिढीने गमावलेल्या बोटांची आठवणच होय. त्या पिढीचा हात हे उपकरण होते. आता हाताचे रक्षण करण्यासाठी उपकरण आहे.

४. मुंबईतील संशोधन

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ तारापूरपुरता नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांच्याकडे होती. खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध भारतीय कर्करोग-संशोधनात मूलभूत मानला जातो. रूढी आणि कर्करोग यांचा संबंध दाखविताना त्यांनी तीन नवे प्रकार पुढे मांडले. त्यांपैकी एक 'धोतराचा कर्करोग' होय. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळून नेसल्याने तेथील त्वचा घासली जाते, तिचा रंग बदलतो, वण पडतो, आणि क्वचित त्या वणातून कर्करोग उद्भवतो, असे त्यांनी दाखविले. उरलेले दोन प्रकार तंबाखूच्या सेवनाच्या विशिष्ट रीतींशी निगडित होते. काश्मिरात पोटाशी कांगडी धरण्याने होणारा त्वचेचा कर्करोग एकोणिसाव्या शतकातच वैद्यांच्या नजरेस आला होता. खानोलकरांनी त्या एकट्या निरीक्षणाला पद्धतीचे स्वरूप दिले.

या पद्धतीचा गाभा असा : कर्करोग शरीरात कोठे होतो हे पाहावे, आणि त्या जागेशी माणसाचा नित्य व्यवहार काय आहे हे विचारावे. नखाभोवतीच्या कर्करोगाला हीच कसोटी लावली असता क्ष-किरण हाताळणाऱ्यांचा व्यवसाय ही एक 'रूढी'च ठरते. धोतराच्या गाठीने जे कमरेला केले, ते नळीपुढे हात धरण्याच्या सवयीने बोटांना केले. पहिला रोग गावातल्या माणसाचा, दुसरा प्रयोगशाळेतला. कारणमीमांसेच्या दृष्टीने दोहोंत भेद नाही.

खानोलकर पुढे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक झाले, आणि अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शास्त्रीय समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्वचेवरील वणापासून अणुकिरणांपर्यंतचा हा प्रवास एका व्यक्तीच्या आयुष्यात घडला. संस्थांच्या बाबतीतही तेच झाले. टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण झाले. म्हणजे ज्या विभागाने तारापूरचे केंद्र उभारले, त्याच विभागाकडे देशातील प्रमुख कर्करोग रुग्णालयाचीही जबाबदारी आली. किरणांचा उपयोग आणि किरणांचा अपाय या दोहोंचे ज्ञान एका छत्राखाली असावे, ही यामागची दृष्टी योग्यच होती. मात्र अशा व्यवस्थेत अपायाची नोंद अधिक काटेकोर असण्याचे दायित्वही त्या छत्रावर येते.

५. नोंदींचा प्रश्न

इतिहासाचा अभ्यासक साधनांची परीक्षा केल्यावाचून निष्कर्ष काढीत नाही. नखाच्या कर्करोगाविषयीची साधने कोणती? मुंबईची कर्करोग-नोंदवही १९६३ मध्ये सुरू झाली. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली नोंदवही होय. ग्रामीण भागासाठी अशी नोंदवही सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्वचेच्या कर्करोगाचे स्थान हात, पाय, धड, चेहरा असे लिहिले जाते. नखाला त्यात स्वतंत्र संकेतांक नाही. अंगठ्याच्या नखाखालील मेलॅनोमा हा 'खांदा व हात' यांच्या सदरात, पायाचा 'पाय व नितंब' यांच्या सदरात जमा होतो. म्हणजे लोकभाषेत 'नखुरडे' या नावाने जसा हा रोग झाकला जातो, तसाच तो शास्त्राच्या तक्त्यातही एका मोठ्या सदरात झाकला जातो. तक्त्यात आकडा नाही यावरून रोग नाही असे अनुमान काढणे, हा साधनांचा अर्थ लावण्यातील मूलभूत दोष ठरेल. उलट, चिंचणीत एखाद्याच्या नखाला कर्करोग झाला तर तो शेजारच्या केंद्रामुळेच झाला, असे अनुमानही तितकेच सदोष होय.

याचे कारण अलीकडच्या संशोधनाने स्पष्ट केले आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी नखाभोवतीच्या चपट्या पेशींच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूच्या सोळाव्या प्रकाराचा अंश दाखवून दिला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्याचा संबंध हाराल्ड त्सुर हाउझेन याने दाखविला, आणि ज्या कामाबद्दल त्याला २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तोच हा विषाणू. पूर्वी सोमलाचे दीर्घकाल औषध घेतलेल्यांनाही त्वचेचा कर्करोग होतो, हे हचिन्सनने एकोणिसाव्या शतकातच टिपले होते. तेव्हा किरण, विषाणू, सोमल अशी या रोगाची कारणे अनेक आहेत, आणि मेलॅनोमाच्या बाबतीत तर यांपैकी कोणतेच मुख्य कारण नाही. सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या तळवा व नखांच्या जागी होणारा मेलॅनोमा गोऱ्या व सावळ्या अशा सर्वच वर्णांच्या लोकांत होतो. सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलॅनोमाचे इतर प्रकार दुर्मिळ असल्यामुळे त्याचे सापेक्ष प्रमाण मोठे दिसते. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्यावर १९७७ मध्ये हा रोग निश्चित झाला. प्रथम तो खेळताना झालेल्या इजेचा परिणाम मानला गेला होता. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. अंगठ्याला लागलेली ठेच आणि अंगठ्याचा कर्करोग यांतील गोंधळ केवळ कोकणच्या किनाऱ्यापुरता नाही.

उपसंहार

येणेप्रमाणे नखाभोवतीच्या कर्करोगाच्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, परिचित नाव हे अज्ञानाचे सर्वांत सुरक्षित आश्रयस्थान आहे. हचिन्सनने नखुरडे हाच शब्द ठेवून त्याला एक विशेषण जोडले आणि त्या विशेषणाने रोग उघडा पडला. दुसरी, संरक्षणाचे नियम हानीच्या नंतर येतात, आणि कोणाची हानी नोंदली गेली यावर ते अवलंबून असतात. तिसरी, समाजाचे भय आणि रोगाची जागा एकच असतील असा नियम नाही. अणुकेंद्राकडे पाहणाऱ्या समाजाने त्याच्या नोंदींची मागणी अवश्य करावी. तो त्याचा अधिकार आहे. परंतु स्वतःच्या नखाकडे पाहण्याचेही विसरू नये.

कारण येथे इतिहासाचा निष्कर्ष थेट व्यवहाराला भिडतो. महिना-दोन महिने उपचार करूनही न भरणारे नखुरडे, इजा न होता उमटलेला व रुंदावत जाणारा काळा पट्टा, नखाच्या कडेवर पसरलेला रंग, एकाच नखाभोवती पुनःपुन्हा उगवणारी चामखीळ, यांपैकी काहीही आढळल्यास त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हाच निर्णयाचा मार्ग होय. सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर उभे फिकट पट्टे निरुपद्रवीपणे असतात, हे खरे; म्हणूनच डोळ्यांच्या अंदाजापेक्षा तपासणीला महत्त्व आहे. चपट्या पेशींचा कर्करोग वेळीच ओळखला तर बहुधा बोट राखून काढता येतो. मेलॅनोमा वेळीच ओळखला तर जीव वाचण्याची आशा मोठी असते. विलंबाची किंमत बोट आहे, आणि पुष्कळदा त्याहून अधिक आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ती किंमत भरली, त्यांच्यापुढे हे ज्ञान नव्हते. चिंचणीच्या आजच्या रहिवाशाला ते उपलब्ध आहे. आणि ते त्याच्यापर्यंत त्याच्याच भाषेत पोहोचविणे हे वैद्यकाइतकेच इतिहासाचेही कर्तव्य आहे.